सुगंध आणि घाव

चंदनासारखे झिजावे, असे सत्पुरुषाविषयी म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरासाठी राबलेली आई, शाळेसाठी हाडे झिजवलेले गुरुजी, ग्रंथालयाच्या कपाटांत आयुष्य घालवलेला एखादा चिटणीस, यांच्या सत्कारात किंवा शोकसभेत ही उपमा आली नाही असे सहसा होत नाही. उपमा सुंदर आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट सोयीने गाळलेली आहे. चंदन आपण होऊन झिजत नाही. सहाणेवर त्याला कोणीतरी घासत असते. माणसाच्या त्यागाला झाडाची उपमा देताना झाडाची संमती आपण गृहीत धरली, आणि एकदा ती गृहीत धरल्यावर घासणाऱ्या हाताविषयी काही विचारण्याचे कारण उरले नाही.

चंदनाच्या बाबतीत निदान इतके म्हणता येते की सुगंध त्याच्या गाभ्यात आधीपासून असतो, आपण तो बाहेर काढतो. परंतु धूप, उदबत्ती आणि अत्तरे यांचा फार मोठा भाग ज्या द्रव्यांवर उभा आहे, त्या राळ, ऊद, लोबान, गुग्गुळ, हिराबोळ यांची कथा याहून अवघड आहे. हे सारे झाडांचे निर्यास, म्हणजे सालीतून पाझरून हवेत घट्ट झालेले रस. आणि ते पाझरतात ते बहुधा झाडाला इजा झाल्यावर. अलीकडे 'नैसर्गिक' सुगंधांची आवड पुन्हा वाढली आहे. कारखान्यातले रसायन नको, झाडाचे द्रव्य हवे, असे म्हणणाऱ्यास आपण एका निष्पाप गोष्टीकडे परत चाललो आहो असे वाटते. ती गोष्ट खरोखर निष्पाप आहे काय, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

डिंक आणि राळ यांत बोलताना आपण फारसा भेद करीत नाही. डिंक पाण्यात विरघळतो अथवा फुगतो. राळ पाण्याला दाद देत नाही, ती मद्यार्कात किंवा तेलात विरघळते. गुग्गुळ, हिराबोळ आणि अरबी लोबान यांत दोन्ही एकत्र असतात, व त्यांबरोबर उडून जाणारे थोडे तेल असते. ताज्या खड्याला जो वास येतो तो मुख्यतः त्या तेलाचा. झाडाच्या बाजूने पाहिले तर या द्रव्याचे प्रयोजन उघड आहे. साल फाटली की आत शिरू पाहणाऱ्या किड्यांना व बुरशीला अडवावयाचे आणि जखमेवर पापुद्रा धरावयाचा. म्हणजे देवघरात आपण जे जाळतो ती मुळात झाडाची मलमपट्टी आहे. काही झाडांत हा रस सालीतील नलिकांत आधीच भरलेला असतो. उदाच्या झाडात मात्र जखम होईपर्यंत ऊद नसतोच. अगुरूचेही तेच. त्याचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ निर्गंध असते. खोडकिडा आत शिरतो, मागोमाग बुरशी येते, आणि तिच्याशी झुंजताना झाड जे राळेसारखे द्रव्य साठवते त्याने लाकूड काळे व जड होत जाते. त्या काळ्या लाकडाला आपण अगुरू म्हणतो. वरच्या आसामात घरामागच्या वाड्यांतून ही झाडे लावतात, आणि होजाई हे त्याच्या व्यापाराचे मोठे ठिकाण आहे. किड्याची वाट पाहण्याइतका धीर जेथे नसतो तेथे खोडाला भोके पाडून, खिळे ठोकून किंवा बुरशी टोचून झाडास मुद्दाम आजारी करतात. सुगंधासाठी आजार लावणे हे ऐकावयास कठोर वाटते. पण उदासाठी चीर देणे आणि अगुरूसाठी खिळा ठोकणे यांत तत्त्वतः अंतर किती, हे सांगणे सोपे नाही.

या द्रव्यांच्या नावांतच मोठा गोंधळ आहे, आणि तो केवळ कोशकारांनी सोडवावा असा नाही. 'ऊद' हा मूळचा अरबी शब्द. तेथे त्याचा अर्थ लाकूड, आणि सुगंधाच्या व्यवहारात अगुरू. मराठीत आल्यावर तो सुमात्रा-सयामकडून येणाऱ्या राळेला चिकटला आणि 'उदबत्ती'त कायमचा राहिला. उलट अरबांनी त्याच राळेस 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान, असे नाव दिले. युरोपीय भाषांत त्याचेच पुढे 'बेंझॉइन' झाले. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधिसंवादांत या राळेवर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि 'लुबान जावी' हे नाव तेथेही नोंदलेले सापडते. आज आपल्या बाजारात लोबान मागितला तर एखादा दुकानदार ऊद देतो, दुसरा सालईचा निर्यास देतो. 'धूप' म्हणून मागितले तर सह्याद्रीतील आणखी निराळ्याच झाडांची राळ हाती येते. (राळेला तर मराठीने आणखी एका कामास लावले आहे. मशालीवर तिची पूड फेकली की भडका उडतो. त्यावरून आपण एकमेकांवर आरोपांची राळ उडवतो, आणि या उद्योगात टंचाई कधीच भासत नाही.) नाव जर झाड सांगत नसेल, तर चीर कोणत्या झाडाला पडली हे गिऱ्हाइकाला कोठून कळावे?

आता पहिला आक्षेप असा की झाडाला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, वेदना नाही. मग जखम हा शब्द वापरून हळहळ कशासाठी? आपल्या परंपरेने हा आक्षेप सहजासहजी मान्य केला नसता. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींस अंतःसंज्ञा असून सुखदुःख आहे असे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा जो संवाद आहे, त्यात झाडांस पाचही इंद्रिये आहेत हे भृगू एकेक प्रमाण देऊन सांगतो. छाटलेली फांदी पुन्हा फुटते, हे त्याच्या मते झाडात जीव असल्याचे एक गमक. दुसरे प्रमाण तर आमच्या विषयाला अगदी लागून आहे: निरनिराळ्या वासांनी व धुपांनी झाडे निरोगी होतात आणि फुलतात, त्या अर्थी त्यांना वास कळतो. धूप झाडाकडून घ्यावयाचा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो झाडाला द्यावयाचाही असतो, ही कल्पना आपल्या विस्मरणात गेली. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये, ते झोपलेले असते, असे आपल्या आज्या सांगत, त्यामागेही हीच समजूत असावी. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या प्रतिसादांची यंत्राने मोजमापे घेतली, तेव्हा पुष्कळांना त्यात जुन्या समजुतीचा पुरावा सापडल्याचा आनंद झाला. परंतु प्रतिसाद देणे आणि दुःख भोगणे यांत अंतर आहे, आणि विज्ञान आज झाडाला आपल्यासारखी वेदना असल्याचे सांगत नाही.

आमच्या मते या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वेदना ही इजेची एक खूण आहे, पण तिच्यावाचून इजा होतच नाही असे नाही. गाढ झोपलेल्या माणसाच्या घरातून कोणी धान्य नेले तर त्याला त्या क्षणी काहीच जाणवत नाही, म्हणून चोरी घडली नाही असे आपण म्हणत नाही. झाडाची बाबही अशाच रीतीने पाहता येते. त्याचे काय नेले आणि ते नेल्याने पुढे काय झाले, हे विचारावे. ते मोजताही येते.

इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदान या देशांत लोबानाची जी जात वाढते तिच्यापासून जगातील चर्चांमध्ये जळणाऱ्या लोबानाचा मोठा भाग मिळतो. पाऊस संपला की डिंक काढणारे रानात जातात. लहानशा पात्याने सालीचा वरचा पापुद्रा नखाएवढा तासतात. पांढरा रस थेंबाथेंबाने वर येतो, वाळतो. काही दिवसांनी येऊन तो खरवडून घेतात आणि जखमेवर धरलेली खपली काढून तीच जागा थोडी रुंद करतात. एका हंगामात असे अनेकदा चालते. जखम भरू लागली की पुन्हा उघडावयाची, हेच या धंद्याचे तंत्र आहे. कारण भरलेली जखम रस देत नाही. २००६ साली एरिट्रियातील झाडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या झाडांना चीर दिली नव्हती त्यांच्या बियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुजल्या; ज्यांना भरपूर चिरले होते त्यांच्या १६ टक्क्यांच्या आसपासच रुजल्या. फुले-फळेही कमी लागली. अर्थ स्पष्ट आहे. झाडाजवळ अन्नाचा साठा एकच असतो. त्यातून जखम भरावयाची की बी पोसावयाचे, असा प्रसंग पुन्हा पुन्हा आला तर बी उपाशी राहते. झाड उभे असते, पाने येतात, रस येतो. पाहणाऱ्यास ते धडधाकट दिसते. जे नाहीसे झाले ते पुढच्या पिढीतले झाड होय, आणि जे अजून उगवलेच नाही त्याचा अभाव डोळ्यांना दिसत नाही.

२०१९ साली याच जातीच्या वनांची मोठी पाहणी झाली. अभ्यासलेल्या समूहांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी लहान झाडे नाहीतच असे आढळले. म्हाताऱ्या झाडांखाली रोपे नाहीत, कारण बी कमी, आणि जे रुजते ते गुरे खातात किंवा वणव्यात जाते. असेच चालले तर २० वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. एखाद्या गावात केवळ वृद्धच उरले आहेत आणि तरीही गावाचा वसूल नियमित भरला जातो आहे, अशी ही अवस्था.

लोभाचे हे गणित नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासात लोबानाविषयी पुष्कळ लिहिले आहे. तो सांगतो की पूर्वी मागणी थोडी होती तेव्हा अरबस्तानात वर्षातून एकदाच निर्यास काढीत. पुढे नफ्याच्या ओढीने दुसरी तोडणी सुरू झाली. त्याच ग्रंथात पोपाइयाच्या अंत्यविधीची हकीकत आहे. सम्राट नीरोने इसवी सन ६५ मध्ये त्या प्रसंगी इतकी सुगंधी द्रव्ये जाळली की अरबस्तानात वर्षभरातही तेवढी पिकत नाहीत, असे जाणकार म्हणत. परंतु या सगळ्यापेक्षा आम्हांस प्लिनीची एक बारीक नोंद अधिक बोलकी वाटते. अरबस्तानातील लोबानाची राने निरनिराळ्या मालकांत वाटलेली असत. चिरलेल्या झाडांवर पहारा नसे, आणि तरी कोणी दुसऱ्याच्या झाडाचा निर्यास चोरीत नसे. अलेक्झांड्रियात मात्र, जेथे तो माल साफ करून विक्रीयोग्य करीत, तेथे कामगारांच्या कमरेच्या वस्त्रावर शिक्के मारीत, डोक्यावर जाळी घालीत, आणि बाहेर सोडताना त्यांना विवस्त्र करून तपाशीत. झाडाजवळ विश्वास, आणि झाडापासून दूर गेल्यावर झडती. प्लिनीने अरबांना थोडे अधिक साधे रंगवले असेल. दूरच्या माणसाला साधे ठरवणे ही ग्रंथकारांची जुनी खोड आहे. तथापि द्रव्य झाडापासून जितके लांब जाते तितके त्याचे मूल्य वाढते आणि त्याविषयीचे ज्ञान घटते, हे त्याच्या काळाइतके आजही खरे आहे.

आता दूरच्या देशाचे पुरे. कच्छ, काठेवाड आणि राजस्थानच्या रुक्ष मुलखात गुग्गुळाचे काटेरी झुडूप वाढते. ते फार सावकाश वाढते. चीर सोसण्याइतके होण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि हंगामात एका झुडपाकडून मिळतो तो काही शंभर ग्रॅम निर्यास. आयुर्वेदाला गुग्गुळ हवा, होमाला हवा, उदबत्तीवाल्याला हवा, अत्तरवाल्याला हवा. मागणीला झुडपाचा सावकाशपणा पटत नाही. म्हणून काही ठिकाणी चिरेभोवती मोरचूद, जनावराचे मूत्र आणि गुग्गुळ यांचा लेप लावतात. रस एकदम पुष्कळ येतो, आणि त्यानंतर झुडूप मरते. लेप लावणाऱ्याला हे ठाऊक असते. तरीही तो लावतो, कारण रान त्याच्या मालकीचे नसते. आज आपण राखले तर उद्या दुसरा येऊन नेईल, अशी त्याची खात्री असते, आणि ती बहुधा खोटी नसते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत गुग्गुळ आज 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी आपली म्हण आहे. येथे धुपाटणे हाती राहील, पण त्यात घालावयास काही उरणार नाही.

लेप लावणाऱ्या त्या माणसाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ग्वाल्हेर संस्थानात पूर्वी मोडणाऱ्या श्योपूरच्या जंगलांत सहरिया लोक सालईचा निर्यास गोळा करतात. संस्कृतात जिला शल्लकी म्हणतात, हत्तींना प्रिय म्हणून जिचे नाव काव्यात येते, तीच ही सालई. अरबी लोबानाची सख्खी बहीण. सोमालियाच्या उत्तरेकडील डोंगरांत लोबानाची एक जात उघड्या कड्यांवर वाढते, तेथे माणसे जीव धोक्यात घालून चढतात. खाली आणलेला माल धूळ-साल वेचून प्रतवार लावण्याचे काम स्त्रिया करतात. या साखळीत सर्वांत कमी पैसा ज्याच्या हाती येतो त्याच्याच हाती पाते असते. चीर किती खोल द्यावी, कोणते झाड यंदा सोडावे, हे त्यानेच ठरवावयाचे. झाडाला वर्षभर विश्रांती देणे म्हणजे त्याने वर्षभर त्या झाडापुरता उपवास करणे. असा उपवास त्याच्यावर लादून आपण बाटलीवर 'नैसर्गिक' हा शब्द छापतो आणि त्या शब्दाची वेगळी किंमत घेतो.

आपल्या शास्त्रकारांनीही ही बाजू एकत्र पाहिलेली दिसत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, हा हिशेब त्यात आहे आणि गणिताच्या इतिहासकारांनी त्याचे योग्य कौतुक केले आहे. त्याच बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर दुसरे प्रकरण आहे. झाडाला रोग कशाने होतो, त्यावर उपाय काय, हे त्यात सांगितले आहे. दोन्ही प्रकरणे एकाच विद्वानाची. पण एकात झाड रोगी म्हणून येते आणि दुसऱ्यात त्याचा निर्यास वजन म्हणून येतो. दोहोंची गाठ पडत नाही. मराठीलाही या शास्त्राचे अंग आहे, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांच्यामुळे आपल्याला कळले. 'गंधवाद' नावाचा एक ग्रंथ मराठी टीकेसह हस्तलिखितात असल्याचे त्यांनी दाखवून दिले, आणि गंगाधराच्या 'गंधसारा'बरोबर तो बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली प्रसिद्ध केला. अत्तरे, धूप, उटणी यांविषयी आपल्या भाषेत काही शतकांपूर्वी कोणी इतक्या बारकाईने विवरण करीत होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती बारकाई मिश्रणाची आहे. गंधकार आपल्या ओट्यावर बसून वजन करतो. रान त्याच्या ओट्यापासून फार दूर असते. कनौजला आजही मातीच्या भांड्यात राळ किंवा लोबान तापवून त्यांचा 'चोया' काढतात. त्या कारागिराला खड्याचा रंग, भांड्याची आच, धुराची दाटी हे सारे कळते. झाडाची विश्रांती त्याला कळण्याचा काही मार्ग मात्र व्यापाराने ठेवलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की मग झाडाचा नाद सोडावा आणि रसायनाकडे जावे. हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. उदाला जो गोडसर वास येतो त्यात व्हॅनिलिनचा वाटा आहे, आणि व्हॅनिलिन जर्मनीत १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले. गंमत अशी की ते तयार करण्यासाठी जे द्रव्य घेतले ते सूचिपर्णी झाडांच्या सालीखालच्या रसातलेच होते. आरतीच्या तबकात आपण जो कापूर जाळतो तो आता बहुतांशी कारखान्यातला असतो. पण तो होतो टर्पेंटाइनपासून, आणि टर्पेंटाइन हे चीडवर्गीय झाडांच्या राळेतून निघते. एका झाडाचा घाव वाचवावयास जावे तो दुसऱ्या झाडाच्या सालीपाशी पोहोचावे, असे येथे होते. जेथे झाड अजिबात लागत नाही तेथे खनिज तेल लागते, आणि त्याचे घाव झाडाच्या घावांसारखे एका ठिकाणी दाखवता येत नाहीत, एवढाच फरक.

पण याहून महत्त्वाची अडचण दुसरीच आहे. ज्या झाडाचा उपयोग संपला ते झाड सुखाने उभे राहते, हा शहरातील माणसाचा भाबडेपणा आहे. इथिओपियातील लोबानाची राने केवळ चिरण्याने कमी होत नाहीत. ती तोडून शेते केली जातात. निर्यासाला भाव आहे तोवर रान राखण्यात गावाचे काही हित असते. भाव गेला की तिळाचे शेत अधिक फायद्याचे ठरते. म्हणून आमचे मत असे झाले आहे की झाडाला चीर देणे हे स्वतः पाप नव्हे. दूध काढणाऱ्याने वासराचा वाटा ठेवावा, अशी आपली जुनी रीत आहे; तशीच येथे मर्यादा झाडाच्या संततीची आहे. जखम भरण्यास वेळ मिळतो काय, बी रुजते काय, रोप गुरांपासून वाचते काय, आणि ज्याच्या हाती पाते आहे त्याला झाड सोडून देणे परवडते काय, या चार गोष्टींची उत्तरे होकारार्थी असतील तर तो सुगंध निर्मळ मनाने घ्यावा. ती तशी नसतील तर तो कितीही 'शुद्ध' असला तरी घेणाऱ्याने निदान आपण काय घेत आहो हे जाणून घ्यावे.

हे अशक्यप्राय नाही. लाओसच्या उत्तरेकडील डोंगरांत शेतकरी जंगल जाळून भाताचे एक पीक घेतात आणि जमीन पडीक सोडतात. त्या पडिकात उदाची रोपे आपोआप उगवतात. सहा-सात वर्षांनी ती चीर सोसण्याइतकी होतात. काही वर्षे ऊद घ्यावयाचा, मग पुन्हा भात. जमिनीला विश्रांती म्हणून जो काळ द्यावयाचा तोच झाडाला वाढीसाठी मिळतो, आणि झाडाला पडलेले बी पुढच्या फेरीत उपयोगी येते. ही व्यवस्था कोणा तत्त्ववेत्त्याने आखली नाही; अडचणीतून ती जमली. आणि ती नाजूकही आहे, कारण पडिकाची वर्षे कमी केली की उदाचे झाड वयात येण्यापूर्वीच नांगराखाली जाते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की धूप घालतात. गोव्यात तर देवळाच्या गाभाऱ्यातला आणि चर्चच्या वेदीपुढचा धूर जवळजवळ एकाच जातीचा असतो. धर्म बदलले, शेजार बदलला, पण निर्यासाचे गिऱ्हाईक दोन्हीकडे कायम राहिले. देवाला सुगंध अर्पण करताना आपण स्वतःचे काही देत आहो, अशी भावना असते. गीतेत भगवंताने पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच पुरेसे मानले आहे. सहज मिळणारी आणि पुन्हा येणारी ही द्रव्ये आहेत. धूप त्या यादीत नाही. यावरून धूप वर्ज्य आहे असे काढणे हा शब्दच्छल होईल, आणि आम्ही तो करीत नाही. पण अर्पण म्हणजे आपल्या वाट्याचे काही कमी करणे असेल, तर धुपाच्या बाबतीत कमी झालेले आपले काय, हा प्रश्न उरतो. झाडाचे कमी झाले, सहरियाचे किंवा सोमाली बाईचे श्रम गेले. आपले चार-दोन रुपये गेले. ते रुपये थोडे वाढवून झाडाच्या विश्रांतीची किंमत त्यात धरली, तर अर्पणात आपला काही अंश आहे असे म्हणता येईल.

यासाठी आधी दुकानात काही बोलणे झाले पाहिजे. गुग्गुळाच्या पुडीवर वजन असते, भाव असतो, एखाद्या देवाचे चित्र असते आणि 'अस्सल' हा शब्द असतो. झुडूप कोणत्या मुलखातले, लेप लावून काढले की नुसत्या चिरेने, गोळा करणाऱ्याला शेरामागे काय मिळाले, हे तिच्यावर नसते. दुकानदाराला विचारले तर तो ठोक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, ठोक व्यापारी मंडईचे नाव सांगतो, आणि मंडईच्या पलीकडे कोणी बोट दाखवीत नाही. अत्तराचा मोठा कारखानदार मनात आणील तर मंडईच्या पलीकडे जाऊ शकतो. त्याच्याजवळ माणसे आहेत, पैसा आहे, आणि आपल्या मालात भेसळ नाही ना हे पाहण्यासाठी तो तेथवर जातोही. जाताच आहे तर दोन झाडांकडे वर आणि त्यांच्या मुळाशी एखादे रोप आहे का तिकडे खाली पाहून यावे, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाने तोवर धुपाटण्यात खडे मोजून घालावेत. देवघराच्या खोलीला एक खडा पुष्कळ होतो.